घटक 6 : जलप्रतिमानांची भाषा – जायकवाडीच्या निमित्ताने

6.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• संगणकीय जलप्रतिमान म्हणजे काय व ते कोणत्या पायऱ्यांनी उभे राहते, हे सांगता येईल.
• 'येवा', 'उपयुक्त साठा', 'वहनव्यय', 'तुटीचे उपखोरे' या संज्ञांचा नेमका अर्थ स्पष्ट करता येईल.
• तांत्रिक मजकुरातील मोजणी, गृहीतक, अट आणि निष्कर्ष वेगवेगळे ओळखता येतील.
• समन्यायी पाणीवाटपाच्या तरतुदीतील शब्दयोजनेचा आकड्यांवर होणारा परिणाम उदाहरणाने दाखवता येईल.
• पाणीविषयक अहवालाचा सारांश त्यातील अटी न गाळता लिहिता येईल.

6.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वैज्ञानिक लेखनात शब्दाचा अर्थ निश्चित असावा लागतो, हे आपण जाणता. या घटकात त्याच तत्त्वाचा उपयोग आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेल्या एका विषयासाठी करावयाचा आहे. तो विषय म्हणजे नदीखोऱ्यातील पाण्याचा व त्याच्या गुणवत्तेचा संगणकाच्या साहाय्याने मांडलेला हिशेब.

एका आकड्यापासून सुरुवात करू. 2023 च्या पावसाळ्यात गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला. 30 ऑक्टोबर 2023 रोजी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी 8.603 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश दिला. त्याची विभागणी अशी होती : मुळा समूह 2.10, प्रवरा समूह 3.36, गंगापूर समूह 0.50 आणि गोदावरी-दारणा समूह 2.643 टीएमसी. या आदेशाला नाशिक-नगरच्या बाजूने न्यायालयात आव्हान देण्यात आले, तर मराठवाड्यात पाणी लवकर सोडावे म्हणून आंदोलने झाली.

हा आकडा दशांशचिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत दिलेला आहे. तो कोणी धरणात माप बुडवून काढलेला नाही. तो एका गणिताचे उत्तर आहे आणि ते गणित कायद्यातील एका वाक्यावर उभे आहे. वाक्यातील एक शब्दप्रयोग बदलला, तर उत्तर बदलते. म्हणून हा प्रश्न अभियंत्यांचा आहे, तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. या पुस्तिकेचे वाचक पैठण-गंगापूरला आहेत, तसे निफाड-राहुरीलाही आहेत. दोघांनाही तोच आकडा वाचायचा आहे. तो कसा वाचावा, हे या घटकात पाहू.

6.2 विषय-विवेचन

6.2.1 'प्रतिमान' ही संज्ञा

इंग्रजीतील 'मॉडेल' या शब्दासाठी मराठीत नमुना, प्रतिकृती, प्रारूप आणि प्रतिमान असे पर्याय वापरले जातात. त्यांच्या अर्थच्छटा एक नाहीत. धरणाची लाकूड-सिमेंटची छोटी आवृत्ती ही 'प्रतिकृती' होय. ती डोळ्यांना धरणासारखी दिसते. कच्च्या मसुद्याला किंवा ठरावीक आराखड्याला आपण 'प्रारूप' म्हणतो. 'प्रतिमान' या शब्दात 'मान' म्हणजे माप आहे. मूळ वस्तूशी ताडून पाहता येईल असे दुसरे माप, हा अर्थ त्यातून निघतो. संगणकीय जलप्रतिमान नदीसारखे दिसत नाही. ती समीकरणांची आणि आकड्यांची मांडणी असते. अमुक इतका पाऊस पडला तर अमुक ठिकाणी किती पाणी येईल, याचे उत्तर ती देते. म्हणून या घटकात आपण 'प्रतिमान' हीच संज्ञा वापरू.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रतिमानाचे प्रत्येक उत्तर व्याकरणदृष्ट्या 'जर–तर' या रचनेचे असते. बातमीत किंवा भाषणात त्यातील 'जर'चा भाग गळतो आणि 'तर'चा भाग निरपेक्ष सत्य म्हणून उरतो. पाण्यावरील अनेक वाद या गळतीतून वाढतात.

6.2.2 पाण्याचा जमाखर्च : प्रतिमान कसे उभे राहते

कोणत्याही जलप्रतिमानाच्या मुळाशी घरातील वहीसारखा जमाखर्च असतो. जमेच्या बाजूला पाऊस आणि वरून येणारे पाणी. खर्चाच्या बाजूला बाष्पीभवन, जमिनीत झिरपणारे पाणी, कालव्यातून दिलेले आवर्तन, शहरांचा व उद्योगांचा उपसा आणि खाली सोडलेला विसर्ग. जमा आणि खर्च यांतील फरक म्हणजे साठ्यातील वाढ किंवा घट. या हिशेबात धरणात येणाऱ्या पाण्याला जलसंपदा विभागाच्या भाषेत 'येवा' म्हणतात. 'येणे' या धातूपासून बनलेला हा शब्द तांत्रिक मराठीतील नेटक्या शब्दांपैकी एक आहे.

हा हिशेब मोठ्या खोऱ्यासाठी मांडताना चार पायऱ्या येतात.

पहिली पायरी विभागणीची. पाणलोट क्षेत्राचे लहान तुकडे केले जातात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधक जेफ अरनॉल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले 'स्वॅट' हे प्रतिमान जगभर वापरले जाते. त्यात जमिनीचा वापर, मातीचा प्रकार आणि उतार सारखे असलेले तुकडे एकत्र धरले जातात, कारण काळ्या जमिनीवरील कपाशीच्या शेतात आणि मुरमाड डोंगरउतारावर पडलेल्या पावसाचे पुढे सारखे होत नाही.

दुसरी पायरी माहिती भरण्याची. पर्जन्यमापकांच्या नोंदी, नदीवरील मापन केंद्रांचे विसर्ग, धरणांच्या दैनंदिन पातळ्या या टप्प्यावर लागतात. जेथे नोंद नाही तेथे अंदाज भरावा लागतो. हा अंदाज म्हणजे गृहीतक.

तिसरी पायरी अंशशोधनाची. प्रतिमानातील न मोजलेले आकडे, उदाहरणार्थ मातीची पाणी मुरवण्याची क्षमता, असे बदलले जातात की जुन्या वर्षांचे प्रतिमानाचे उत्तर प्रत्यक्ष नोंदींशी जुळावे.

चौथी पायरी पडताळणीची. जी वर्षे अंशशोधनात वापरली नाहीत, त्या वर्षांसाठी प्रतिमानाचे उत्तर जुळते का, हे पाहिले जाते. ही पायरी वगळलेले प्रतिमान म्हणजे उत्तर पाहून सोडवलेले गणित होय.

भारतात नद्यांच्या नोंदी संगणकावर आणण्याचे मोठे काम जागतिक बँकेच्या साहाय्याने 1995 मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात झाले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने निर्णयसाहाय्य प्रणाली तयार झाली. महाराष्ट्रात त्यासाठी ऊर्ध्व भीमा खोरे निवडले गेले होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – 1
अ) अंशशोधन आणि पडताळणी यांतील फरक एका वाक्यात सांगा.
आ) 'यंदा धरणात पुरेसा येवा होईल' या वाक्याचे 'जर–तर' रचनेत रूपांतर करा.

6.2.3 साठ्याची भाषा : मृत, उपयुक्त, उणे

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते 1965 मध्ये झाली आणि 1976 मध्ये त्याचे उद्‌घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे 21,750 चौरस किलोमीटर आहे. धरणाची एकूण साठवणक्षमता 2909 दलघमी असून त्यापैकी 738 दलघमी मृतसाठा आणि 2171 दलघमी उपयुक्त साठा आहे.

या वाक्यातील एकेक शब्द पाहू. 'दलघमी' हा 'दशलक्ष घनमीटर' याचा मराठी संक्षेप. 1 दलघमी म्हणजे 100 कोटी लिटर. 'टीएमसी' हा 'हजार दशलक्ष घनफूट' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप. 1 टीएमसी म्हणजे सुमारे 28.3 दलघमी. एकच साठा एका वृत्तपत्रात 2171 आणि दुसऱ्यात 76 असा छापून येतो तेव्हा फरक फक्त एककाचा असतो. म्हणून एककाशिवाय आकडा उद्‌धृत करू नये.

'मृतसाठा' ही संज्ञा रूपकात्मक आहे. धरणाच्या कालव्यांची दारे ज्या पातळीवर असतात, त्याखालचे पाणी आपोआप बाहेर पडू शकत नाही. ते 'मृत' याचा अर्थ ते निरुपयोगी असा नव्हे. टंचाईच्या उन्हाळ्यात तेच पाणी उपसून शहरांची तहान भागवली जाते. पाणीपातळी या रेषेखाली गेली की वृत्तपत्रे 'धरण उणे टक्क्यांत' असे लिहितात. वस्तूचे प्रमाण शून्यापेक्षा कमी असू शकत नाही. येथे शून्य म्हणजे रिकामे धरण नसून उपयुक्त साठ्याची तळरेषा होय. हे न सांगता 'उणे' लिहिले, तर वाचकाला धरणात थेंबही नाही असे वाटते. उलट, '5 टक्के साठा शिल्लक' या वाक्यातील टक्के कशाचे, एकूण साठ्याचे की उपयुक्त साठ्याचे, हे सांगितले नाही तर तेही वाक्य अपुरे राहते.

असाच दुसरा शब्द 'तूट'. बोलण्यात तूट म्हणजे कमतरता. तिला निश्चित सीमा नसते. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने 1999 च्या अहवालात लागवडीयोग्य क्षेत्राच्या दर हेक्टरी वार्षिक पाणी उपलब्धतेनुसार उपखोऱ्यांचे वर्गीकरण केले. 1500 घनमीटरांपर्यंत 'अतितुटीचे', 1501 ते 3000 'तुटीचे', 3001 ते 8000 'सर्वसाधारण', 8001 ते 12,000 'विपुल' आणि त्यापुढे 'अतिविपुल'. म्हणजे पारिभाषिक लेखनात 'तूट' ही भावना राहत नाही. ती दोन आकड्यांमधील जागा होते. अहवाल वाचताना हा शब्द बोलीतील अर्थाने आला आहे की परिभाषेतील, हे आधी ठरवावे.

या साठ्यातून नकळत जाणारा खर्चही पाहू. नाथसागर विस्तीर्ण आणि उथळ आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा पाणपसारा सुमारे 350 चौरस किलोमीटर असतो. समजा, एखाद्या दिवशी पृष्ठभागावरून 5 मिलिमीटर पाण्याची वाफ झाली, तर 1.75 दलघमी, म्हणजे 175 कोटी लिटर पाणी एका दिवसात उडून जाते. यातील 5 मिलिमीटर हे आपले गृहीतक आहे आणि पुढचा आकडा हा त्याचा निष्कर्ष. गृहीतक बदलले तर निष्कर्ष त्याच प्रमाणात बदलेल. 'समजा' हा छोटा शब्द वाक्यात ठेवला म्हणून हे विधान प्रामाणिक राहिले.

6.2.4 कायद्यातील एक वाक्य

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 मध्ये कलम 12, पोटकलम 6 च्या तिसऱ्या खंडात एक महत्त्वाची तरतूद आहे. तिचा आशय असा : खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील टंचाईचा भार सर्वांनी समन्यायाने उचलावा, यासाठी जलाशयांतील साठ्यांचे नियंत्रण दरवर्षी ऑक्टोबरअखेर अशा रीतीने करावे की खरीप वापर धरून उपलब्ध पाण्याची टक्केवारी सर्व जलाशयांत साधारणपणे सारखी राहील.

या तरतुदीचा अंमल कसा करावा, हे ठरवण्यासाठी हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. मेंढेगिरी हे तेव्हा येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजे 'वाल्मी'चे महासंचालक होते. गटाने 2013 मध्ये अहवाल दिला. त्यात जायकवाडीतील परिस्थितीनुसार वरच्या धरणसमूहांनी किती साठा ठेवावा, याचे तक्ते आहेत. खरीप वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे 1411 दलघमीपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. त्यासाठी 15 ऑक्टोबरची स्थिती पाहिली जाते. प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 च्या आदेशाने ही पद्धत स्वीकारली. मुंबई उच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2016 च्या निकालात कायद्याची तरतूद वैध ठरवली. पुढे 2023 मध्ये या तक्त्यांच्या फेरविचारासाठी नवा अभ्यासगट नेमण्यात आला.

असा तक्ता हा रकान्यांत मांडलेल्या 'जर–तर' वाक्यांचा संच असतो. त्यातील शब्द कसे काम करतात, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, वरच्या धरणाची क्षमता 1000 एकक व साठा 900 एकक आहे. खालच्या धरणाची क्षमता 2000 एकक व साठा 600 एकक आहे. वरचे 90 टक्के, खालचे 30 टक्के भरले आहे.

पहिले वाचन : फक्त सध्याचा साठा मोजू. एकूण साठा 1500, एकूण क्षमता 3000, म्हणून समान टक्केवारी 50. वरच्या धरणाने 500 ठेवून 400 एकक सोडावे.

दुसरे वाचन : 'खरीप वापर धरून' हा शब्दप्रयोग लक्षात घेऊ. समजा, वरच्या लाभक्षेत्राने पावसाळ्यात 100 एकक आधीच वापरले आणि खालच्याने काहीच वापरले नाही. आता उपलब्ध पाणी 1600 आणि समान टक्केवारी 53.3. वरच्याचा वाटा 533. त्यातील 100 वापरून झाले, म्हणून त्याने 433 ठेवावे आणि 467 सोडावे.

तीन शब्दांनी 67 एककांचा फरक पडला. ही तरतूद नसती, तर ऑक्टोबरच्या आत जो जास्त वापरील त्याचा साठा कमी दिसला असता आणि त्याला कमी सोडावे लागले असते. 'धरून' या अव्ययसदृश रूपात न्यायाची एक कल्पना सामावली आहे, ती अशी.

तिसरे वाचन : आतापर्यंत सोडलेले सर्व पाणी पोहोचते असे आपण मानले. नदीपात्रात पाणी मुरते, उडते, उपसले जाते. याला वहनव्यय म्हणतात. पहिल्याच उदाहरणात समजा सोडलेल्या पाण्यापैकी चौथा हिस्सा वाटेत गेला. मग दोन्ही धरणांची टक्केवारी सारखी होण्यासाठी 400 नव्हे, तर सुमारे 436 एकक सोडावे लागतात. त्यातील 327 पोहोचतात आणि दोन्हीकडे 50 ऐवजी 46.4 टक्के उरतात. वहनव्यय वरच्यालाही गरीब करतो, खालच्यालाही.

येथे मराठीतील दोन क्रियापदे महत्त्वाची ठरतात : 'सोडणे' आणि 'पोहोचणे'. 'जायकवाडीला 8.603 टीएमसी पाणी मिळणार' आणि 'जायकवाडीसाठी 8.603 टीएमसी पाणी सोडणार' ही वाक्ये समानार्थी नाहीत. पहिल्यात वहनव्यय शून्य मानला गेला आहे, तेही वाचकाला न सांगता. निफाडचा वाचक सोडलेला आकडा मोजतो, पैठणचा वाचक पोहोचलेला आकडा मोजतो आणि प्रत्येकाला दुसरा खोटे बोलतो असे वाटते.

'साधारणपणे सारखी' हा शब्दसमूहही पाहावा. कायद्याने येथे मुद्दाम सैल शब्द वापरला आहे, कारण अनेक जलाशयांचे टक्के काटेकोर जुळवणे प्रत्यक्षात शक्य नसते. शब्द सैल असल्यामुळे त्याचा अर्थ निश्चित करण्याचे काम तक्त्यांवर आणि प्रतिमानावर येते. म्हणूनच प्रतिमानातील गृहीतके सर्वांना वाचता येतील अशा मराठीत प्रसिद्ध होणे आवश्यक ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – 2
अ) 8.603 टीएमसी म्हणजे सुमारे किती दलघमी?
आ) वरील दुसऱ्या वाचनात खालच्या लाभक्षेत्रानेही खरिपात 100 एकक वापरले असते, तर वरच्याने किती एकक सोडावे लागले असते?

6.2.5 गुणवत्तेचे गणित

पाण्याचा हिशेब येथे पुरा होत नाही. किती पाणी, याबरोबर कसे पाणी, हाही प्रश्न असतो. नदीच्या गुणवत्तेचे पहिले प्रसिद्ध गणिती प्रतिमान 1925 मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून मांडले. त्याचे तत्त्व साधे आहे. सांडपाणी नदीत मिसळले की सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय द्रव्य खातात आणि पाण्यातील प्राणवायू वापरतात. त्याच वेळी हवेतील प्राणवायू पाण्यात विरघळत राहतो. सुरुवातीला खर्च जास्त असतो, पुढे भरपाई जास्त होते. म्हणून प्रवाहाच्या दिशेने आलेख काढला तर प्राणवायूची रेषा झोळीसारखी खाली जाऊन पुन्हा वर येते. आजची मोठी प्रतिमाने यात नत्र, स्फुरद, शेवाळ, तापमान यांची भर घालतात. पाया तोच असतो.

सांडपाण्याचा हा भार मोजण्याचे परिमाण म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, व्यवहारात 'बीओडी'. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात उघड्यावर स्नान करण्यायोग्य पाण्याची बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी लागते. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत सोडताना सर्वसाधारण मानकानुसार 30 मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी लागते.

आता एक गणित करू. समजा, नदीच्या मूळ पाण्याची बीओडी 2 आहे. तिच्या 27 भाग पाण्यात मानकाप्रमाणे शुद्ध केलेले 1 भाग सांडपाणी मिसळले. मिश्रणाची बीओडी (27 × 2 + 30) ÷ 28, म्हणजे नेमकी 3. नदी स्नानयोग्य राहिली. उन्हाळ्यात तोच प्रवाह 6 भागांवर आला. आता (6 × 2 + 30) ÷ 7, म्हणजे 6. सांडपाणी तेच, मानक पाळलेले, तरीही नदी दुप्पट मर्यादा ओलांडून गेली.

यावरून 'प्रदूषित' हे विशेषण किती अपुरे आहे, हे कळते. ते 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर सुचवते. प्रत्यक्षात गुणवत्ता ही ठिकाण, ऋतू आणि प्रवाह यांसह सांगायची गोष्ट आहे. आपल्या शहरातून वाहणारी खाम नदी नाथसागराच्या दिशेने जाते आणि शहराचे पिण्याचे पाणी नाथसागरातूनच येते. धरण मृतसाठ्यापर्यंत उतरते तेव्हा कमी होते ती केवळ पाण्याची मात्रा नव्हे. मिसळणाऱ्या मळाला विरळ करण्याची क्षमताही घटते. म्हणून केवळ टीएमसी मोजणारे आणि गुणवत्ता न मोजणारे प्रतिमान अर्धाच हिशेब देते.

6.2.6 प्रमाणाचा प्रश्न

एका खोऱ्याच्या प्रतिमानाप्रमाणे सबंध पृथ्वीच्या गोड्या पाण्याची प्रतिमानेही आहेत. जर्मनीतील कासेल विद्यापीठात 1990 च्या दशकात घडवलेले 'वॉटरगॅप' हे त्यांपैकी एक. त्यात जगाच्या भूभागाचे अर्ध्या अंशाचे चौकोन केले होते. आपल्या अक्षांशावर असा एक चौकोन सुमारे 2900 चौरस किलोमीटरांचा भरतो. जायकवाडीचे सबंध पाणलोट क्षेत्र अशा सात-आठ चौकोनांत मावते.

इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तेथून पूर्वेला काही मैलांवर, पर्जन्यछायेतील सिन्नर परिसरात तो त्याच्या पाव हिश्श्यापर्यंतही पोहोचत नाही. हे दोन्ही प्रदेश एका चौकोनात आले, तर त्यांची सरासरी निघते आणि तेवढा पाऊस दोहोंपैकी कोठेच पडत नाही. देशादेशांची तुलना करण्यास, हवामानबदलाची दिशा पाहण्यास अशी प्रतिमाने उपयोगी पडतात. मुळा धरणातून या वर्षी किती सोडावे, हे त्यांना विचारू नये. जसा शब्दकोश आणि बोलीचा कोश वेगळ्या कामांसाठी असतो, तसेच हे आहे. 'संगणकाने दाखवले आहे' एवढ्या विधानाने भारावून न जाता, कोणत्या प्रमाणावर दाखवले, हे विचारावे.

6.2.7 वाचनाची पद्धत

कोणताही जल-अहवाल वाचताना पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.
1. आकड्याचे एकक काय आणि टक्केवारी कशाची आहे?
2. हा आकडा मोजलेला आहे, गृहीत धरलेला आहे की गणिताने काढलेला आहे?
3. तो कोणत्या तारखेचा आहे?
4. कोणती अट पूर्ण झाली तर तो लागू होतो?
5. कर्ता कोण? 'पाणी सोडण्यात येईल' या कर्मणी रचनेत कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने, हे दडून राहते.

शेवटी सारांशलेखनाचा एक नमुना पाहू. 'धरणांतून जायकवाडीला 8.603 टीएमसी पाणी मिळणार' हे वाक्य आकर्षक आहे, पण चुकीचे आहे. त्याऐवजी असे लिहावे : '15 ऑक्टोबर 2023 ची साठ्याची स्थिती व खरीप वापर विचारात घेऊन महामंडळाने वरच्या चार धरणसमूहांतून 8.603 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश दिला आहे. नदीपात्रातील वहनव्यय वजा जाता त्याहून कमी पाणी जायकवाडीत पोहोचेल.' वाक्य लांबले, हे खरे. परंतु ते राहुरीत वाचले आणि पैठणला वाचले, तरी त्याचा अर्थ एकच निघतो.

6.3 सारांश

जलप्रतिमान म्हणजे पाण्याचा गणिती जमाखर्च होय. त्याचे उत्तर सशर्त असते. विभागणी, माहिती, अंशशोधन आणि पडताळणी या त्याच्या पायऱ्या आहेत. जायकवाडीच्या समन्यायी वाटपात 'खरीप वापर धरून', 'साधारणपणे सारखी', 'सोडणे' व 'पोहोचणे' यांसारख्या शब्दांमुळे प्रत्यक्ष पाण्याचे आकडे बदलतात. मात्रा आणि गुणवत्ता यांचा हिशेब वेगळा करता येत नाही. प्रतिमानाचे उत्तर मराठीत आणताना त्याची अट सोबत आणणे ही लेखकाची जबाबदारी आहे.

6.4 पारिभाषिक शब्द

येवा : धरणात किंवा खोऱ्यात येणारे पाणी.
उपयुक्त साठा : मृतसाठ्याच्या वरचा, वापरासाठी सोडता येणारा साठा.
वहनव्यय : पाणी वाहून नेताना वाटेत होणारी घट.
अंशशोधन : जुन्या नोंदींशी उत्तर जुळावे म्हणून प्रतिमानातील अज्ञात आकडे निश्चित करणे.
आवर्तन : कालव्यातून सिंचनासाठी दिली जाणारी पाण्याची पाळी.

6.5 स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – 1 : अ) अंशशोधनात माहीत असलेल्या वर्षांशी प्रतिमान जुळवून घेतले जाते, तर पडताळणीत न वापरलेल्या वर्षांवर ते तपासले जाते. आ) नमुना उत्तर : 'सप्टेंबरमध्ये सरासरीइतका पाऊस झाला, तर धरणात पुरेसा येवा होईल.' ('पुरेसा' कशासाठी, हेही नमूद केल्यास उत्तर अधिक चांगले.)
प्रश्न – 2 : अ) सुमारे 243.6 दलघमी. आ) एकूण उपलब्ध पाणी 1700, समान टक्केवारी 56.7, वरच्याचा वाटा 567, त्यातील 100 वापरलेले, 467 ठेवून सुमारे 433 एकक सोडावे लागले असते.

6.6 सरावासाठी स्वाध्याय

1. 'प्रतिकृती', 'प्रारूप' आणि 'प्रतिमान' या संज्ञांमधील अर्थभेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
2. 'मृतसाठा' या संज्ञेतील रूपकामुळे वाचकाचा कोणता गैरसमज होऊ शकतो? चर्चा करा.
3. 6.2.5 मधील गणित नदीचा प्रवाह 13 भाग धरून करा आणि उत्तराचा अर्थ दोन वाक्यांत लिहा.

क्षेत्रीय कार्य : ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पाणीवाटपाच्या बातम्या एका नाशिक आवृत्तीतून व एका संभाजीनगर आवृत्तीतून जमवा. प्रत्येकी पाच बातम्यांमध्ये कोणत्या अटी गाळल्या आहेत, 'सोडणे' आणि 'मिळणे' ही क्रियापदे किती वेळा आली आहेत, याची नोंद करा. त्यावरून दोन्ही प्रदेशांतील वाचकांना एकाच अर्थाने वाचता येईल अशी दहा ओळींची बातमी स्वतः लिहा.